ओपन गोल्फचे अंदाज: मैदान, वारा, पाऊस आणि टी-टाइम (नागपूर गटाचा धागा)

अंबाझरीकर

१६ ते १९ जुलै २०२६ ला इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, आहे. आपली शंभर गुणांची अंदाज-स्पर्धा नेहमीप्रमाणे होईल, म्हणून धागा आताच उघडतो. नियम जुनेच. प्रत्येकाला १०० गुण, भाव ब्रिटिश बुकींनी जाहीर केलेला धरायचा, अंदाज लागला की लावलेले गुण त्या भावाच्या पटीत जमा; शक्यता कमी तितका भाव मोठा. पैशाचा संबंध नाही आणि इथे कोणी तो आणूही नये. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहेच, त्यात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायच्या ॲपना देशभर मनाई केली. कुठल्या साइटवर खातं उघडता येतं, व्हीपीएन कसा लावायचा, असे प्रतिसाद उडवले जातील.

मागच्या धाग्यांत बहुतेक चर्चा "कोण फॉर्मात आहे" यावरच झाली. फॉर्म भावात आधीच मुरलेला असतो. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा भाव सगळ्यात कमी का, हे जगाला ठाऊक आहे, त्यात आपल्याला वेगळं काही मिळत नाही. अभ्यास करण्यासारखे प्रश्न दोनच: हे मैदान कोणत्या प्रकारच्या खेळाला मानवतं, आणि कोणत्या तुकडीच्या (टी-टाइम, म्हणजे निघायची वेळ, सकाळची की दुपारची) वाट्याला कोणती हवा येणार. दुसऱ्याचं उत्तर आठवडाभर आधी बुकीकडेही नसतं.

बर्कडेलचीच दोन वर्षं शेजारी ठेवा. २००८ मध्ये पॅड्रिग हॅरिंग्टन ३ ओव्हरने, म्हणजे पारपेक्षा (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) ३ जास्त घेऊन, जिंकला. २०१७ मध्ये जॉर्डन स्पीथ १२ अंडरने, म्हणजे १२ कमी घेऊन. मैदान तेच, पार तोच ७०, फरक १५ फटक्यांचा. २००८ ला वाऱ्याने सगळ्यांना पिळून काढलं आणि शनिवारअखेर ५३ वर्षांचा ग्रेग नॉर्मन आघाडीवर होता. २०१७ च्या शनिवारी वारा पडला तर ब्रँडन ग्रेसने ६२ मारले, पुरुषांच्या मेजरमधले (चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांतले) ते पहिले ६२. तेव्हा "बर्कडेल अवघड की सोपं" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या हवेत, ते आधी सांगा.

सिव्हिललाइन्स_१८

मैदानापासून सुरुवात करतो. मी स्कोअरकार्ड उघडलं की आधी पार-५, म्हणजे पाच फटक्यांचे लांब होल, मोजतो. पार ७२ च्या मैदानावर साधारण चार पार-५ असतात, आणि लांब मारणाऱ्याची बर्डीची (पारपेक्षा एक फटका कमी) कमाई मुख्यतः तिथे होते. पार ७० वर बहुधा दोनच. म्हणजे चार दिवसांत सोळाऐवजी आठ संधी. लांब मारणाऱ्याचा फायदा तिथेच आटतो.

त्यानंतर फेअरवे (सुरुवातीची टी आणि झेंड्याचं ग्रीन यांमधली कापलेल्या गवताची वाट) नेमका २८० ते ३२० यार्डांच्या पट्ट्यात किती रुंद आहे ते बघतो. प्रोचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) तिथे पडतो. त्या पट्ट्यात बंकर (वाळूचे खड्डे) असतील किंवा होल वळत असेल, तर सगळेच आयर्न किंवा ३-वूड (त्याहून आखूड मारणारे क्लब) मारून एकाच जागी येतात आणि सामना दुसऱ्या फटक्यावर जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर हेच दिसलं. लोधी कोर्स ७,००० यार्डांच्या आत, पण दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाट की ड्रायव्हर काढणं म्हणजे चेंडू हरवायची तयारी. जिंकला टॉमी फ्लीटवूड, २२ अंडर. त्याचं नाव लांबीसाठी घेत नाहीत, ते ग्रीनवरच्या अचूक आयर्नसाठी घेतात.

बर्कडेलवर होल उंच वाळूच्या टेकड्यांच्या मधून जातात आणि फेअरवे लिंक्सच्या (समुद्रकाठच्या वाळूवरच्या मैदानांच्या) मानाने सपाट आहेत. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर चांगला फटका उंचवट्यावर आपटून बंकरमध्ये जाऊ शकतो. बर्कडेलवर नशिबाचा तो भाग कमी, म्हणून चांगल्याला चांगलं फळ मिळायची शक्यता जास्त. अशा मैदानावर १५० च्या भावाचं नाव शोधत बसण्यापेक्षा मधल्या भावातला पक्का आयर्न खेळाडू बरा, हे माझं मत. २०१७ नंतर काही होलची रचना बदलली आहे, त्यामुळे जुनी होलनिहाय आकडेवारी जशीच्या तशी उचलू नका.

तर्रीवाला

भाऊ, पण मग मैदानाचा इतिहास कुठे गेला? आधी तिथे चांगला खेळलेल्या माणसाला घ्यायचं, हे तर सगळेच सांगून राहिले.

सिव्हिललाइन्स_१८

तर्रीवाला, मैदान कोणतं त्यावर आहे. अमेरिकेत ऑगस्टाला इतिहास चालतो, कारण मास्टर्स ही मेजर दरवर्षी तिथेच. ग्रीनचे उतार, कुठे चुकलं तर चालतं, १२ व्या होलवर वारा कसा फिरतो, हे खेळून खेळूनच कळतं. १९७९ च्या फझी झोलरनंतर पुढची चार दशकं तरी पहिल्याच खेपेला आलेला कोणी तिथे जिंकला नाही. तिथे नवख्याला भावात सूट मिळाली तरी मी जपून असतो.

ओपन फिरती आहे. बर्कडेलवर ती आता नऊ वर्षांनी येते. नऊ वर्षांपूर्वीच्या चार फेऱ्यांवरून आजच्या खेळाडूबद्दल काय सांगणार? तेव्हाचा त्याचा स्विंग, वय, हवा, सगळंच वेगळं. एका स्पर्धेच्या चार फेऱ्यांत नशीबच इतकं असतं की "तिथे तो पाचवा आला होता" याला मी जवळपास शून्य वजन देतो. मैदानाचा स्वभाव आणि खेळाडूचं कौशल्य जुळतं का, ते मात्र दोन वर्षांच्या आकड्यांवरून दिसतं. स्ट्रोक्स गेन्डचे (इतरांपेक्षा किती फटके वाचवले त्या आकड्याचे) चार भाग असतात: टीवरचा फटका, ग्रीनकडचा फटका, ग्रीनभोवतीचा खेळ आणि पटिंग (ग्रीनवर चेंडू घरंगळवणं). चौघांत पटिंग सगळ्यात चंचल. नुसत्या पटवर गेला महिना गाजवलेल्या खेळाडूचा भाव खाली आलेला असतो आणि तो बहुधा टिकत नाही. ग्रीनकडच्या फटक्याचा आकडा टिकतो.

मृगनक्षत्र

हवेबद्दल लिहिते. आपल्याकडे वारा म्हटला की मे महिन्यातली दुपारची लू किंवा वळवाच्या आधीची वावटळ डोळ्यांसमोर येते. बर्कडेल आयरिश समुद्राच्या काठावर आहे, तिथलं गणित वेगळं.

उन्हाळ्यात, मोठी प्रणाली नसेल तर, जमीन तापते, समुद्र थंड राहतो आणि सकाळी उशिरा समुद्रावरून वारा सुटतो. दुपारी तो जोरात असतो, संध्याकाळी पडतो. म्हणजे शांत आठवड्यातसुद्धा सकाळच्या तुकडीला मऊ हवा आणि न तुडवलेले ग्रीन, दुपारच्या तुकडीला वारा आणि सुकलेले ग्रीन. पण गुरुवारी सकाळी खेळलेला शुक्रवारी दुपारी खेळतो, त्यामुळे दोन्ही दिवस सारखे असतील तर हिशोब फिटतो. तो बिघडतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं: अटलांटिकवरून येणारी आघाडी, म्हणजे थंड-गरम हवेची सीमा, दोनपैकी एकाच दिवशी, त्यातही अर्ध्याच दिवशी मैदानावरून जाते. पाऊस, वाऱ्याची दिशा बदलणं आणि मग स्वच्छ पण जोरदार झोत, असा तिचा क्रम.

ओपनमध्ये हे जास्त बोचतं, कारण पहिले दोन दिवस सगळे पहिल्या होलवरूनच सुरू करतात. १५६ खेळाडू, तिघांचे ५२ गट, गटांत साधारण ११ मिनिटांचं अंतर, म्हणजे पहिला गट निघाल्यापासून शेवटचा निघेपर्यंत साडेनऊ तास. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पहिल्या आणि दहाव्या अशा दोन होलवरून सोडतात, तिथे हे अंतर बरंच आटतं. साडेनऊ तासांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर हवेचे दोन अवतार सहज होतात.

अंदाज बघताना तीन गोष्टी. एक, सरासरी वेगाबरोबर झोताचा वेग बघा. सरासरी १५ मैल आणि झोत १८ असेल तर खेळाडू जुळवून घेतात. सरासरी १५ आणि झोत ३० असेल तर क्लबच ठरवता येत नाही, आणि मोठे आकडे तिथे पडतात. दोन, ब्रिटिश अंदाज मैल प्रतितासात असतात, १० मैल म्हणजे १६ किलोमीटर. आपल्या ॲपवर किलोमीटर दिसतात आणि लोक ३२ ला भयंकर समजतात. ते २० मैल आहेत, लिंक्सवर रोजचं. तीन, पाच दिवस आधीचा तासातासाचा अंदाज बघून तुकडी निवडू नका. आघाडी येणार हे पाच दिवस आधी कळतं. ती सकाळी सातला येईल की दुपारी दोनला, हे साधारण दीड दिवस आधी भरवशाचं होतं, आणि आपल्याला हवे असतात नेमके ते सात तास.

गणिती_धंतोली

मृगनक्षत्रताईंनी तुकडीचं कारण दिलं, मी त्याचं वजन देतो.

प्रोच्या एका फेरीचा स्कोअर त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती साधारण पावणेतीन ते तीन फटक्यांनी हलतो. चार फेऱ्यांची बेरीज साडेपाच-सहा फटक्यांनी. आता धरा, दोन दिवस मिळून एका तुकडीला दुसरीपेक्षा दोन फटके जड गेले. डेसिमल भाव २० (लावलेल्याच्या २० पट परत) असलेला खेळाडू घ्या, म्हणजे जिंकायची शक्यता १ भागिले २०, ५ टक्के. बुकीचा वरचा वाटा सध्या सोडा. सोप्या तुकडीत तो सरासरीपेक्षा एक फटका पुढे, जड तुकडीत एक फटका मागे. नॉर्मल वितरणाने ढोबळ हिशोब केला तर सोप्या तुकडीत ५ चे ७ टक्के होतात, जड तुकडीत साडेतीन. भावात सांगायचं तर २० चा खरा भाव एकीकडे १४, दुसरीकडे २९.

माणूस तोच, क्लब तेच, फक्त टी-टाइम वेगळा. एवढा फरक फॉर्मच्या कोणत्याही चर्चेतून निघणार नाही.

कटवर (दोन फेऱ्यांनंतर मागचे गळतात त्यावर) परिणाम आणखी ठळक, कारण तिथे दोनच फेऱ्या मोजतात आणि हलण्याची मोकळीक चार फटक्यांच्या आसपासच. ६० टक्के शक्यतेचा खेळाडू सोप्या तुकडीत ६९ वर जातो, जड तुकडीत ५० वर येतो. ओपनमध्ये कट ७० जण आणि बरोबरीतले सगळे, मास्टर्समध्ये ५० आणि बरोबरीतले. मास्टर्समध्ये एकूण खेळाडूही कमी, त्यामुळे "कट पार करेल का" या बाजारात दोन्हींना एक माप लावू नका.

तर्रीवाला

मंग सोमवारी काहीच लावायचं नाही का?

गणिती_धंतोली

माझ्या हिशोबाने १०० पैकी ३० च्या वर नाही, तेही ज्यांचा खेळ मैदानाला कोणत्याही हवेत जुळतो त्यांच्यावर. उरलेले टी-टाइम आणि बुधवार संध्याकाळचा अंदाज हातात आल्यावर. काही भाव तोपर्यंत हलतील, कारण बुकीही तोच अंदाज बघतात. पण ते आधी मोठ्या नावांचे भाव हलवतात. ६०-८० च्या भावातली नावं आणि तिघांच्या गटाचे भाव मागे राहतात.

फुटाळाकाठ

मला एक शंका आहे. तुकडीचा फायदा इतका असेल तर जड तुकडीतले जिंकतात कसे? २०२३ च्या मास्टर्समध्ये ब्रूक्स कोएप्का शुक्रवारी सकाळी खेळून १२ अंडरवर मोकळा झाला. दुपारी वादळाने खेळ थांबला, १७ व्या टीजवळ झाडं पडली. जॉन राहमला दुसरी फेरी शनिवारी थंडी-पावसात पुरी करावी लागली. आणि जिंकला राहमच.

गणिती_धंतोली

बरोबर आहे, आणि माझ्या हिशोबाच्या विरुद्ध नाही. जड तुकडीतल्याची शक्यता साडेतीन टक्के झाली, शून्य नाही. शिवाय शनिवार-रविवारी सगळे एकाच हवेत येतात आणि दोन फटके भरून काढायला ३६ होल असतात. म्हणून विजेत्याच्या बाजारात तुकडी एवढी निर्णायक नाही जेवढी पहिल्या फेरीच्या आघाडीवीराच्या बाजारात आहे. तिथे एकच फेरी, एकच तुकडी. गुरुवारची सकाळ शांत आणि दुपारी हवेची आघाडी येणार असेल तर दुपारच्या तुकडीतली नावं तिथून जवळपास पुसून टाका, भाव कितीही मोठा दिसो.

सिव्हिललाइन्स_१८

शनिवार-रविवारी सगळे एका हवेत, हे नेहमी खरं नाही. कटनंतर मागचे आधी निघतात, आघाडीवाले शेवटी. दोघांत पाच-सहा तासांचं अंतर पडतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१८ चं यूएस ओपन, शिनेकॉक हिल्स. शनिवारी सकाळी टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर ४५ व्या जागेवरच्या बरोबरीतून निघाले, आघाडीपेक्षा ११ फटके मागे. दोघांनी ६६ मारले. दुपारी वारा आणि उन्हाने ग्रीन इतके सुकले की चेंडू थांबेनात. संध्याकाळी ते दोघे आघाडीच्या बरोबरीत, आणि रविवारी शेवटच्या जोडीत. जिंकला कोएप्का, १ ओव्हर.

शनिवारी सकाळी त्या दोघांचे भाव किती मोठे असतील, विचार करा. चालू सामन्यात बघायचं ते हेच. ग्रीन कडक, दुपारी वारा वाढणार, ऊन स्वच्छ, असं असेल तर ६-७ फटके मागचा पण लवकर निघणारा खेळाडू स्कोअरबोर्डावर दिसतो त्यापेक्षा जवळ असतो. २००२ च्या ओपनमध्ये म्यूरफील्डला तिसऱ्या फेरीत वादळ आलं तेव्हा टायगर वुड्सचेही ८१ झाले. मोठं नाव हवेला थोपवत नाही.

अंबाझरीकर

चालू सामन्याचं निघालंच आहे तर होलच्या क्रमाकडे बघा. स्कॉटलंडच्या रॉयल ट्रूनला पहिले नऊ होल किनाऱ्याने बाहेर जातात, नेहमीचा वारा पाठीशी असतो. परतीचे नऊ वाऱ्याच्या तोंडावर. तिथे नऊ होलनंतर ३ अंडर म्हणजे काही विशेष नाही, सगळेच तिथे कमावतात आणि पुढे गमावतात. मैदान न बघता बोर्ड वाचणारा त्या ३ अंडरला भुलतो, आणि भावही तात्पुरता भुललेला दिसतो.

बर्कडेलला २०१७ मध्ये दोन्ही पार-५ शेवटच्या चार होलमध्ये होते, १५ वा आणि १७ वा. स्पीथने १३ व्यावर बोगी (पारपेक्षा एक जास्त) केली तेव्हा तो मागे पडला होता. मग १४ ते १७ मध्ये बर्डी, ईगल (पारपेक्षा दोन कमी), बर्डी, बर्डी. २००८ मध्ये हॅरिंग्टननेही १७ व्यावर ईगल घेतला. १४ व्या टीवर एक फटका मागे असलेला माणूस अशा मैदानावर मागे धरायचा नसतो. यंदा होलचा क्रम आणि पार बदललेल्या स्कोअरकार्डावरूनच तपासा आणि प्रत्येक होलची सरासरी गुरुवार-शुक्रवारच्या आकड्यांवरून काढा. मग "अजून किती सोपे होल बाकी" हा रकाना तुमच्या वहीत आपोआप तयार होतो.

मृगनक्षत्र

वाऱ्यात स्कोअर का वाढतो, याचा आकडा द्यायचा राहिला. ढोबळ नियम असा: समोरच्या वाऱ्यात अंतर दर मैलाला १ टक्का जास्त धरून मारावं लागतं, पाठच्या वाऱ्यात दर मैलाला अर्धा टक्काच कमी. १५० यार्डांचा फटका २० मैलांच्या समोरच्या वाऱ्यात १८० चा होतो. तोच पाठच्या वाऱ्यात १३५ चा. नुकसान ३०, नफा १५. म्हणून मैदान गोल फिरून आलं तरी बेरीज शून्य होत नाही. शिवाय पाठच्या वाऱ्यात चेंडूच्या फिरकीचा परिणाम कमी होतो आणि तो ग्रीनवर थांबत नाही. १३५ चा फटका लांबीने सोपा, थांबवायला कठीण.

पावसाबद्दल गैरसमज असा की पाऊस म्हणजे अवघड. वारा नसलेला पाऊस खेळ सोपा करतो. ग्रीन मऊ होतात, उंच फटका पडल्या जागी थांबतो. २०११ च्या यूएस ओपनला काँग्रेशनलवर ग्रीन मऊ होते, रोरी मॅकलरॉयने १६ अंडर केलं. पण मऊ फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही, म्हणून हवेतून लांब नेणाऱ्याचा वाटा वाढतो. कोरड्या लिंक्सवर आखूड मारणाऱ्याला जमीन २५-३० यार्ड फुकट देते, ओल्या मैदानावर ते जातात. बर्कडेलला जूनचा शेवट आणि जुलैची सुरुवात कोरडी गेली की ओली, हे म्हणूनच बघायचं. स्पर्धेच्या चार दिवसांइतकेच आधीचे तीन आठवडे महत्त्वाचे. फेअरवे टीव्हीवर पिवळे दिसले तर आखूड-सरळ खेळाडूंकडे बघा, हिरवेगार दिसले तर लांबवाल्यांकडे.

तापमानाचा परिणाम असतो पण छोटा. ५-६ अंश सेल्सिअस घसरलं की ड्रायव्हर साधारण दोन यार्ड आखूड. दमट हवा जड असते हे चूक आहे, ती उलट किंचित हलकी असते. आर्द्रतेवरून कोणाचंही नाव बदलू नका.

फुटाळाकाठ

"वाऱ्याचा खेळाडू" असा काही प्रकार असतो का? समालोचक रोज एकाला तो शिक्का देतात.

सिव्हिललाइन्स_१८

असतो, पण समालोचक सांगतात त्यापेक्षा बराच कमी. जोरदार वाऱ्यातल्या फेऱ्या वर्षात मोजक्याच, त्यावरून काढलेली सरासरी डळमळीत. मी त्याऐवजी फटक्याचा प्रकार बघतो. आयर्नचा चेंडू खालून जातो का, फिरकी आटोक्यात आहे का, ग्रीन चुकल्यावर एक छोटा फटका आणि एकाच पटमध्ये पार वाचवतो का. वाऱ्यात सगळेच ग्रीन चुकतात, मग चौथ्या-पाचव्या चुकीनंतर कोण सावरतो यावर फेरी ठरते. उंच फटका आणि जास्त फिरकी असलेला खेळाडू शांत हवेत मी आनंदाने घेतो. २५ मैलांच्या वाऱ्यात त्याचा भाव मोठा झाला तरी सोडतो.

आधीच्या आठवड्याच्या स्कॉटिश ओपनवरून निष्कर्ष काढताना जपून. रेनेसाँ क्लब टॉम डोकने रचलेला आणि समुद्राजवळ आहे, पण तिथली जमीन जुन्या लिंक्ससारखी कडक खेळत नाही. तिथला २० अंडर बर्कडेलच्या वाऱ्यात काही सांगत नाही. पटचा वेग जुळला का, वेळेचा फरक अंगवळणी पडला का, एवढंच त्यातून घ्या.

संत्रामार्केट

फ्लीटवूड साउथपोर्टचाच ना? मैदान त्याच्या गावात. मग त्याला सगळ्यांनी घ्यायला हवं!

अंबाझरीकर

साउथपोर्टचाच. आणि मैदान त्याला मानवेल हेही खरं, वर दिल्लीचं उदाहरण आलंच आहे. पण आपल्याला भाव बघायचा आहे. ब्रिटनमध्ये गावच्या पोराच्या नावावर भावनेने पैसा येतो आणि बुकी त्याचा भाव आधीच दाबून ठेवतो. तुमच्या हिशोबाने त्याची शक्यता ५ टक्के असेल तर २० च्या वर भाव मिळाला तरच घ्या. १३ ला मिळाला तर खेळाडू चांगला असूनही अंदाज महाग पडतो. त्याच्याऐवजी त्याच प्रकारचा खेळ असलेला, पण ज्याच्यामागे गर्दी नाही असा कोणी शोधा. स्पर्धेत दरवर्षी गुण इथेच वाया जातात: खेळाडू निवडताना चूक होत नाही, किंमत बघितली जात नाही.

तर्रीवाला

आणखी एक विचारतो. मागल्या वेळी माझा टॉप-१० लागला तरी गुण कमी आले. हिशोब कसा होऊन राहिला ते सांगा नं कोणी.

गणिती_धंतोली

बरोबरीचा नियम. तुम्ही १० गुण टॉप-१० ला ४.५० भावाने लावले असं धरा. तुमचा खेळाडू आठव्या जागेवर पाच जणांच्या बरोबरीत. आठवी, नववी, दहावी अशा तीनच जागा, माणसं पाच. मग तुमच्या १० पैकी तीन-पंचमांश, म्हणजे ६ गुणच जिंकलेले धरतात. ६ गुणिले ४.५० म्हणजे २७ परत. पूर्ण मिळाले असते तर ४५. वारा नसलेल्या आठवड्यात स्कोअर एकमेकांना चिकटतात आणि अशा बरोबऱ्या वाढतात. म्हणून शांत हवेचा अंदाज असेल तर टॉप-१० आणि पहिल्या फेरीचा आघाडीवीर, दोन्हींचा भाव मनातल्या मनात कमी करून बघा.

ईच-वेचाही हिशोब टाकतो, तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ४०/१ (एकाला ४०, शिवाय लावलेला एक परत) वर १० गुण ईच-वे म्हणजे ५ जिंकण्यावर, ५ जागेवर (पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर). आठ जागा आणि एक-पंचमांश भाव असेल तर जागेचा भाव ८/१. खेळाडू एकटा पाचवा आला तर जिंकण्याचे ५ गेले, जागेचे ५ गुणिले ९ म्हणजे ४५ परत. आठव्या जागेवर बरोबरी झाली तर इथेही वरचाच वाटणीचा नियम. जागा पाच आहेत की आठ, हे भाव लिहून घेताना सोबतच लिहा. पाच जागांचा ४५/१ आणि आठ जागांचा ४०/१ यांत मी दुसरा घेईन.

संत्रामार्केट

आपल्याकडच्या प्रो स्पर्धांनाही हेच लागू होतं का? पीजीटीआयच्या (भारतातल्या प्रो दौऱ्याच्या)?

सिव्हिललाइन्स_१८

तत्त्व तेच, घटक वेगळे. उत्तर आणि मध्य भारतात समुद्री वारा नाही, तुकडीचा फरक उन्हामुळे आणि ग्रीनमुळे पडतो. बर्मुडा गवत दिवसभर वाढतं, दुपारी त्याचा कल (पाती ज्या दिशेला झुकतात ती) जास्त जाणवतो. कलाच्या उलट पट आखूड पडतो, कलाबरोबर धावतो. आखूड पटचा ज्याचा आकडा कच्चा त्याला दुपारी जास्त त्रास. हिवाळ्यात उत्तरेत धुक्यामुळे सकाळचा खेळ उशिरा सुरू होतो, मग पहिली फेरी दुसऱ्या दिवशी संपते आणि काहींना एका दिवसात २५-३० होल चालावे लागतात. वेळापत्रक असं सरकलं की तुकडीचा हिशोब पहिल्यापासून मांडा.

मृगनक्षत्र

वेळेचं एक लिहून ठेवा. जुलैत इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे. तिथले सकाळचे ६:३५ म्हणजे नागपुरात ११:०५. दुपारची तुकडी निघते तेव्हा इथे संध्याकाळ होत आलेली असते. बुधवारी रात्री साडेदहाला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी सहाला, शेवटचा अंदाज बघा. हवेच्या आघाडीची वेळ तोपर्यंत बरीच पक्की झालेली असते. शुक्रवारच्या तुकडीसाठी गुरुवारी त्याच वेळी पुन्हा बघा आणि आधीच्या अंदाजापेक्षा ती किती तास सरकली ते टिपून ठेवा. एकदा सरकलेली आघाडी पुन्हा सरकू शकते.

अंबाझरीकर

मृगनक्षत्रताई, ती नोंद धाग्यातच टाकत चला, बुधवारी आणि गुरुवारीही. अंदाज भरायची मुदत गुरुवारी सकाळी १०:४५, नागपूरची वेळ. प्रत्येक अंदाजासोबत भाव, जागा किती, आणि खेळाडूची तुकडी लिहा. तुकडी लिहिली नसेल तर अंदाज धरला जाणार नाही.

तर्रीवाला

बदललेलं स्कोअरकार्ड कोणाकडे असेल तर टाका भाऊ, पार-५ कुठे कुठे आहेत ते आजच मोजून ठेवतो.

सिव्हिललाइन्स_१८

क्लबच्या साइटवर होलनिहाय पान असतं. नुसते पार-५ मोजून थांबू नका. प्रत्येकासमोर दिशा लिहा, पश्चिमेकडे तोंड की पूर्वेकडे. तिथला नेहमीचा वारा पश्चिमेकडचा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पार-५ चं ग्रीन दोन फटक्यांत गाठणं कठीण, तिथे लांबवाल्याचा फायदा अर्धा करूनच धरा.